गोधडीतली वीज

आक्का,

तू गेल्यावर पहिल्यांदा तुझ्या बसमध्ये शिरलो तेव्हा सवयीनं दारामागचं बटण दाबलं. मला वाटलं होतं, बॅटरी एव्हाना उतरली असेल. पण सगळे दिवे लागले. दहाव्याला घाटावर माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, बायको काळजीनं बघत होती. ते सगळं त्या पिवळ्या उजेडात आलं. पायरीवर बसून पोटभर रडलो.

आता सगळे एकच सांगतायत. दत्तू, ती बस काढून टाक, धोंडूआबांचं वावर मोकळं कर, पत्रा भंगारात जाईल. बरोबरच आहे त्यांचं. सोमाटण्याच्या शिवारात, आंब्याच्या झाडाखाली, इंजिन नसलेली एक जुनी बस उभी आहे आणि तिच्यात राहणारी बाई आता नाही. बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसतं. मला मात्र काय दिसतं ते कुणाला सांगता येईना, म्हणून तुझ्याशीच बोलतोय. देहूरोडच्या वर्कशॉपात इतकी वर्षं गाड्यांच्या वायरी जोडल्या. एकाही गाडीपुढे मी आ वासून उभा राहिलो नाही. तुझ्या बसपुढे राहिलो. हे तुला कधी म्हटलं नाही, कारण तू लगेच म्हणाली असतीस, "व्हय का? मग च्या पी आन् कामाला लाग."

आपलं गाव, जिथं वीज कधी पोचलीच नव्हती, धरणात गेलं तेव्हा मी क्वार्टरवर होतो, नोकरीत. तू गावात होतीस. दाजी आधीच गेलेले, मूलबाळ नाही, एकटी. घर सोडणाऱ्यांत तू शेवटची होतीस, असं गावातले सांगतात. तू स्वतः त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. मग धरणवाल्यांच्या पत्र्याच्या खोल्यांत राहिलीस. त्या खोल्याही पाडायचं ठरलं तेव्हा मी तुला न्यायला आलो. बायकोनं तुझ्यासाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा करून ठेवला होता. तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तुजं क्वार्टर सरकारचं. उद्या ते म्हनलं ऊट, तर म्या पुन्ना उटू? आता न्हाई व्हायचं दत्तू. मला आसं घर दे, की कुनी उटवलंच तर त्ये माज्यासंगं उटंल."

मला वाटलं, दुःखात बोलतेस. पण पुढे एका लिलावात एक जुनी बस निघाली. इंजिन काढून नेलेलं, बाकं उखडलेली, सांगाडा मात्र ठणठणीत. मी तुला ती गंमत म्हणून सांगितली. तू एकच विचारलंस, "चाकं हायत का?"

"आहेत."

"मंग आन."

बस ओढून आणली त्या दिवशी धोंडूआबा, माझ्या सासऱ्यांचे जुने स्नेही, ज्यांच्या वावरात आपण ती लावली, ते बांधावर उभे राहून मिश्किलपणे म्हणाले, "बाई, गाडी तर आली. कंडक्टर कुटाय?"

"म्या हाय की," तू म्हणालीस. "चडा म्होरल्या दारानं."

आबा खरंच चढले. आतून एक चक्कर मारून आले आणि गंभीर झाले. "आत लय अंधार हाय गं बाई," म्हणाले. खरंच होता. निम्म्या खिडक्यांना पत्रा मारलेला, वर आंब्याची सावली. वीज सोमाटण्यात होती, पण खांब आबांच्या विहिरीपाशीच थांबलेले. रॉकेलची चिमणी तुला नको होती. पत्र्याच्या खोल्यांत एकीचं अंथरूण पेटलेलं तू पाहिलं होतंस. आणि त्या खोल्या पाडायला माणसं येऊन मोजमापं घेऊन गेली होती. खोल्या पडायच्या आधी बसमध्ये उजेड झाला नाही तर तुला क्वार्टरवर यावं लागणार, हे तुझं-माझं ठरलं होतं. खरं सांगू? मला मनातून ते चाललं असतं. तू आमच्यात यावीस असं वाटत होतं. तरीही मी हातात पक्कड घेतली.

तुला आठवतं, पहिल्या दिवशी तू वायरला हात लावेनास. "चावंल," म्हणालीस. मी बॅटरीच्या दोन्ही टोकांवर बोटं ठेवून दाखवली. ही बारा व्होल्टची वीज, आक्का. ही माणसाला चावत नाही. हिची खोड वेगळी, ही वायर तापवते आणि जाळते. तू माझ्या बोटांकडे बघत राहिलीस, मग स्वतःची ठेवलीस. "काईच न्हाई की रं!" तुझ्या तोंडावर जे उमटलं ते मी वर्कशॉपात कुणाच्या तोंडावर पाहिलं नाही. तिथं सगळ्यांना सगळं आधीच माहीत असतं.

वायरी छताला कशा मारायच्या, हा पहिला प्रश्न होता. छत नुसता पत्रा. उन्हात तवा व्हायचा. तू म्हणालीस, छताला आतून गोधडी लावू. मी हसलो. तू मात्र तुझी जुनी लुगडी, माझ्या खाकी पँटी आणि आबांच्या घरातली दोन धोतरं फाडून बसच्या लांबीची गोधडी घालायला घेतलीस. मी वायरी तिच्यावर मांडून दिल्या, की शिवून टाक आत. तू दोरा ओवता ओवता थांबलीस. "आन् तुजी वायर खराब झाली म्हंजी? समदी उसवू व्हय?" म्हणून तू गोधडीला नेफे शिवलेस. पायजम्याला नाडीसाठी असतात तसे लांबच्या लांब, प्रत्येक दिव्याकडे जाणारा एकेक. सेफ्टीपिनला वायरचं टोक बांधून आपण ती नेफ्यातून सरकवली. तू अलीकडून ढकलत होतीस, मी पलीकडून पिन चाचपत होतो. अशी वायरिंग मी जन्मात पाहिली नव्हती. साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी मला रजेवर पाठवलं असतं.

दिवे लावले. दाराजवळचा लख्ख पेटला. दुसरा बरा. सर्वांत मागचा, तुझ्या चुलीच्या जागेवरचा, विडीच्या टोकासारखा लाल. तुझा चेहरा पडला. चूक माझीच होती, हाताशी होती ती बारीक वायर वापरली होती. तुला समजावून सांगायला मी म्हणालो, "आक्का, हे पाण्यासारखं आहे. उतार कमी असला की पाट रुंद लागतो..."

"पान्याचं नाव काडू नगंस," तू म्हणालीस.

माझ्या धंद्यात वीज समजवायची म्हणजे पाणीच सांगतात. दुसरं मला शिकवलेलंच नव्हतं. शेवटी म्हणालो, बाजाराचा दिवस समज. बोळ अरुंद असला की माणसं रेटारेटी करतात, दमतात, पलीकडे पोचेपर्यंत अंगात जीव उरत नाही. रस्ता रुंद असला की सगळी हसत पोचतात. आपली माणसं थोड्या जोराची आहेत, त्यांना रुंद रस्ता हवा. तू विचार केलास आणि म्हणालीस, "मंग जाड वायर आन की. इतकं काय सांगत बसलाईस?" जाड वायर मी लोणावळ्याच्या एका गॅरेजवाल्याकडून मिळवली. जुनी वायर ओढून काढताना तिच्या शेपटाला नवी बांधली आणि एक टाकाही न उसवता ती मागपर्यंत गेली. मागचा दिवा पेटला तेव्हा तू खाली बसलीस आणि नुसती वर बघत राहिलीस. मी दिव्याकडे बघायचं सोडून तुझ्याकडे बघत होतो.

मग तुला शंका आली. "एकच तार गेली की रं. ती परत कुटनं येती?"

मी म्हणालो, बसच्या अंगातून. गाडीत असंच असतं. एक वायर दिव्यापर्यंत जाते आणि परतीची वाट म्हणजे हा सगळा पत्रा, ही चौकट, जिन्याची दांडी, सगळं. तू उठलीस. खिडकीच्या चौकटीवरून, दाराच्या दांडीवरून, मागच्या पत्र्यापर्यंत हात फिरवत गेलीस. "म्हंजी घरभर हाय ती," हळूच म्हणालीस. "समद्या घरातनं चाललीया." मी हजारदा जोडलेली गोष्ट होती ती, आक्का. मला तोवर ती एक वायर वाचवायची युक्ती वाटायची. तू हात फिरवलास तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला.

पाडायची माणसं खोल्यांवर आली त्याच्या आदल्या दिवशी तू बिऱ्हाड हलवलंस. वास्तुशांत करायची म्हणालीस. भटजींनी विचारलं, जोतं नाही, पाया नाही, वास्तू कसली? तू म्हणालीस, "बरं, ऱ्हाऊ द्या," आणि स्वतःच करायला घेतलीस. मी बाहेर दाराचा स्क्रू आवळत होतो. तू विचार केलास, या घरात देवाच्या बरोबरीचं काय? बॅटरी. तिच्यातून सगळं निघतं. ही वीज चावत नाही, हे तर मीच तुला पढवलं होतं. तांब्याचा कलश, पाणी, आंब्याची पानं, वर नारळ, असं सगळं साग्रसंगीत तू बॅटरीच्या डोक्यावर ठेवलंस. तिच्यावरच्या शिशाच्या पट्ट्या उघड्या, आणि त्यावर तांबं! दोन्ही टोकं थेट जोडली गेली.

फाट्कन आवाज झाला. निळा जाळ दिसला आणि नारळ ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन पडला. मी धावत आत आलो तर बसभर पाणी, कलशाच्या बुडाला लचका तोडल्यासारखी खाच, आणि तू भिंतीला पाठ टेकून उभी. बॅटरी फुटली असती, आक्का, ॲसिड तोंडावर आलं असतं. मी तुझ्यावर नाही नाही ते ओरडलो. तू ऐकून घेतलंस, पदरानं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "आरं, वरडतुस कशापायी? पावला की! इतक्या बिगी कुटला देव पावतो?" मग दोघंही हसत सुटलो. हसता हसता तू कधी रडायला लागलीस ते कळलं नाही. गाव सोडल्यापासून तुला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर मी बॅटरीला लाकडी झाकण केलं आणि हळदकुंकू त्या झाकणावर वाहायचं ठरलं.

बॅटरी उतरली की तळेगावला चार्ज करायला न्यायची. मी सायकलवरून नेईन म्हटलं होतं, पण माझी सुट्टी कधी, आणि तुला दम कुठला? तू चुंबळ केलीस आणि बॅटरी डोक्यावर घेऊन निघालीस. हायवेच्या कडेनं, ट्रकवाले हॉर्न मारताहेत, तू आपली ताठ. पहिल्यांदा परत आलीस आणि लुगडं धुतलं तर पाठीवर भोकंच भोकं, ॲसिड झिरपलं होतं. "माज्या लुगड्याला कसर लागली का काय," असं आबांच्या सुनेला विचारत होतीस. मी डोक्याला हात लावला. पुढे खाली रबराचा तुकडा घालायला लागलीस, पण मला न्यायचं काम काही दिलं नाहीस. मला वाईट वाटायचं. भावाला बहिणीचं एवढंही करू देत नाहीस, असं मनात यायचं.

आणि चाकांवरून तर आपण शेवटपर्यंत भांडलो. उभ्या गाडीचे टायर सडतात, आक्का. दगड लावून गाडी उचलू, चाकं काढून ठेवू, हे मी दर उन्हाळ्यात सांगायचो. तू ऐकलं नाहीस. "चाकं काडली की ती खोली झाली," म्हणायचीस. "खोलीतनं मानूस उटवता येतं." मी म्हणायचो, अगं, आबा तुला कशाला उठवतील? तू म्हणायचीस, "आबा द्येवमानूस हाय. पन आबाचं बी वावर कुनी घेतलं म्हंजी?" म्हणून दर दिवाळीला मुकाट्यानं हवा भरून द्यायचो.

त्या चाकांनी काय केलं ते मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

गावदेवीची जत्रा. देवीला वर काठावर नवी जागा मिळाली होती. गावातली पांगलेली माणसं उन्हाळ्यात वर्षातून एकदा तिथं जमायची, नैवेद्य दाखवायची आणि उजेड असेतोवर पांगायची. तिथं ना घर, ना दिवा, ना आडोसा. त्या वर्षी तू हट्ट धरलास की बस घेऊन जायचं. आबांच्या पुतण्यानं ट्रॅक्टर लावला. मी पुढे सायकलवर, मागे तुझं घर डुलत येतंय, खिडकीत तू. रस्त्यानं लोक थांबून बघत होते. काठावर पोचलो तेव्हा म्हाताऱ्या बायका बसच्या पायरीला हात लावून नमस्कार करू लागल्या. तू त्यांना आत घेतलंस. ठकूमावशी, जिची न्हाणी आपल्या परड्याला लागून होती आणि जी लोणावळ्याला एका बंगल्यात भांडी घासायची, ती गोधडीचे नेफे चाचपत बसली. "हितनं वीज जाती?" असं पुन्हा पुन्हा विचारत होती. तू सगळ्यांना बाजाराच्या बोळाची गोष्ट सांगत होतीस. माझी होती ती गोष्ट, पण तू सांगताना जास्त चांगली वाटत होती.

दिवस मावळला तरी कुणी उठेना. तू आतले दिवे लावलेस. मग मला म्हणालीस, "म्होरचे मोटे दिवे बी लाव."

"ते बॅटरी पिऊन टाकतील, आक्का. परतीला काही उरणार नाही."

"पिऊंदे. आनकी कशासाटी जपायची?"

मी खाली वाकलो, पुढच्या दिव्यांची वायर लावली. पाणी त्या वर्षी फार खाली गेलं होतं. उजेड काठावरून सरळ आत गेला आणि चिखलात उभी राहिलेली चावडीची भिंत दिसली. देवळाचा चौथरा दिसला. त्यापलीकडे आपल्या घराची जागा होती, तिथवर नुसतं पाणी चमकत होतं. मग मागून एका म्हाताऱ्यानं सांगितलं, अगदी साध्या आवाजात, जणू कुणाला निरोप द्यावा: "गावात वीज आली."

आक्का, मी इलेक्ट्रिशियन माणूस. दिवा लागणं हे माझं रोजचं पोटापाण्याचं काम. पण त्या संध्याकाळी माझे हात जोडले गेले, ते देवीला, त्या उजेडाला की तुला, मला सांगता येणार नाही. दिवे हळूहळू मंद होत विझेपर्यंत माणसं तशीच उभी होती. तू पायरीवर बसली होतीस. मी तुझ्याजवळ येऊन बसलो आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, बॅटरी गेली. तू म्हणालीस, "जाऊंदे." मला बोलायचं होतं वेगळंच. तुला बहुतेक ते कळलं असावं, कारण तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास.

त्यानंतर तू दोन जत्रा पाहिल्यास. या थंडीत गेलीस, झोपेत, तुझ्याच बसमध्ये. आबांची सून दूध घेऊन आली, हाका मारल्या, तू उठली नाहीस. तुला कुणी तिथून उठवलं नाही, एवढंच माझं समाधान आहे.

आता जे सांगायचं राहिलं ते सांगतो. बस काढायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. मग ठकूमावशी आली. लोणावळ्याचा तो बंगला विकला गेला आणि नव्या मालकांनी मागची खोली रिकामी करायला सांगितली. आंब्याखाली गाठोडं ठेवून उभी राहिली. आत जायचं धाडस होईना. मला म्हणाली, "दत्तू, रागावू नगं. आक्काची गाडी मोडायच्या आदी चार दिस ऱ्हाऊ दे. मंग सांग, कवा उटायचं त्ये."

मी म्हणालो, "मावशी, कुणी उठवलंच तर घराला सांग. तेही उठेल तुझ्याबरोबर." तुझंच बोलणं ते. बटणं दाखवली, फ्यूज दाखवला, झाकण उघडायचं नाही ते बजावलं आणि बस आता मोडत नाही, असं आबांना सांगायला गेलो.

खरं सांगतो आक्का, मनातून थोडं लागलं. तुझ्या चुलीपाशी दुसरं कुणी बसणार म्हणून.

काल सुट्टी होती. संध्याकाळी पुन्हा आलो. बसमध्ये दिवे लागलेले होते, मिरच्या भाजल्याचा ठसका बाहेरपर्यंत येत होता. आबांची सून बांधावरून ओरडली, "आक्काच्या गाडीत कोन हाय गं?"

आतून ठकूमावशीचा आवाज आला, चढा, ठणठणीत. "माज्या घरात म्या हाय!"

मी आंब्याखाली सायकल धरून उभा होतो. दाराकडे निघालेलं पाऊल मागे घेतलं, आक्का. दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय कसं शिरायचं? बाहेरूनच हाक मारली, "मावशी, आत येऊ का?"